मिन्ना लीपरचे लाल केस

ॲबरडीन बंदरातल्या टॉरी ह्या कोळीवाड्यात सकाळी कामावर निघालेल्या माणसाला वाटेत कोण भेटतं, याला फार महत्त्व होतं. पाद्री भेटला तर वाईट. तिरळा भेटला तर वाईट. आणि लाल केसांची बाई भेटली तर विचारूच नका. समुद्रावर निघालेला गडी तिथल्या तिथे मागे वळायचा, घरी जाऊन बूट काढायचा, आणि त्या दिवशीचे मासे पाण्यातच सुखाने राहायचे. माणसं तशी शहाणीसुरती. अख्खं इंजिन उघडून पुन्हा जोडणारी, ढगांकडे बघून उद्याचं वारं सांगणारी. पण लाल केस दिसले की सगळं शहाणपण गुंडाळून ठेवायची.

विल्यमिना लीपर, म्हणजे आमची मिन्ना, अशा ठिकाणी डोक्यावर लाल जावळ घेऊनच जन्मली, आणि तीही मासेमारीच्या एका ट्रॉलरच्या तांडेलाच्या घरात. सुईणीने बाळ दाखवलं तेव्हा विल लीपरने आधी पलंगाच्या लोखंडी दांडीला हात लावला आणि मग लेकीला. गार लोखंडाला हात लावला की अपशकुन उतरतो, हे टॉरीत कुणाला शिकवावं लागत नाही. त्या दिवशी विलच्या खिशात इंजिनाचा एक जुना बोल्ट आला तो कायमचाच. समोरून मिन्ना आली की त्याचा उजवा हात आपोआप खिशात जाई. माणूस प्रेमळ होता. उजव्या हाताने बोल्ट चाचपत डाव्या हाताने तो लेकीला पेपरमिंटची गोळी द्यायचा.

मिन्ना सात वर्षांची असताना एकदा तो न्याहारीची पुरचुंडी घरीच विसरला. आत बटऱ्या होत्या. ते चपटे, खारट, चरबीने ओथंबलेले पाव पोटात गेल्याशिवाय ॲबरडीनच्या कोळ्याला समुद्र सोसत नाही. मिन्ना पुरचुंडी घेऊन आडवाटेने पळत सुटली, बापाच्या आधी धक्क्यावर पोचली आणि तिथून हसत हसत त्याला सामोरी आली.

"बाबा, हे राहिलं!"

विल थांबला. त्याच्या मागची सहा माणसं थांबली. त्यांनी पोरीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि सातही जण मुकाट्याने घरी परतले. त्या फेरीला बाकीच्या ट्रॉलरांनी एवढा हॅडक मासा आणला की बंदरात पेट्या कमी पडल्या. विलने आवाज चढवला नाही. त्याने लेकीला मांडीवर घेतलं, अर्धी बटरी मोडून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "पोरी, तू आपली माझ्या मागून चालत जा. पुढं येऊ नकोस."

मिन्ना मागून चालू लागली. चर्चला जाताना मागून, बाजारात मागून, आईच्या अंत्ययात्रेतसुद्धा चार पावलं मागून. बाप समुद्रावरून निवृत्त झाला, काठी घेऊन चालू लागला, तरी ही मागेच. पन्नास वर्षांत तिने बापाची पाठ जेवढी पाहिली तेवढं तोंड पाहिलं नसेल.

आता कुणाला वाटेल, अशी पोर कोमेजून गेली असेल. छे! मिन्नाची जीभ तिच्या सुरीइतकीच चालायची, आणि तिची सुरी टॉरीतल्या मासळीच्या कारखान्यात सगळ्यांत वेगवान होती. गारठलेल्या पाण्यात हात घालून हॅडकचा काटा एका फटक्यात वेगळा करायचा, हे काम ती पस्तीस वर्षं करत आली होती. शेजारच्या टेबलावरची बेला मॅसन म्हणायची, "मिन्ना मासा कापत नाही गं, त्याची समजूत काढते. तो आपणहून काटा सोडतो." पन्नाशीला मिन्नाचे केस पिकू लागले, तेव्हा गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. मिन्नाने दुसऱ्याच दिवशी दुकानातून लाल रंगाची बाटली आणली. समोरच्या घरातला डॉड बकन तेव्हा अजून ट्रॉलरवर होता. तो रोज सकाळी पडद्याच्या फटीतून बघायचा, आणि मिन्ना कामावर गेल्याची खात्री करूनच दार उघडायचा. मिन्नाला हे ठाऊक होतं. म्हणून कधीकधी ती उगाचच पाच मिनिटं फाटकाशी बुटाची नाडी बांधत बसायची.

टॉरीतल्या एकाही कोळ्याच्या आईने तिला सून करून घेतलं नसतं. तिने चार्लीशी लग्न केलं. चार्ली नदीपलीकडचा, ट्राम चालवणारा. ट्रामला ना वादळ लागतं ना शकुन. पुढे ट्राम गेल्या, चार्ली बस चालवू लागला, आणि सहा वर्षांपूर्वी एका रविवारी जेवून उठताना हृदय बंद पडून गेला. त्यानंतर मिन्ना बापाला आपल्या घरी घेऊन आली. म्हातारा आता ब्याऐंशीचा. सकाळी चहा घेऊन ती खोलीत शिरली की पांघरुणाखाली हालचाल व्हायची. बोल्ट उशाशी असायचा.

"लागला का हात?" मिन्ना विचारायची.

"लागला, लागला. ये आत."

हे सगळं ती हसण्यावारी न्यायची. पण कधीतरी चहाचा कप ठेवताना तिला वाटायचं, एखाद्या दिवशी तरी ह्या माणसाने मला नुसतं बघावं. हात खिशात न घालता.

फुटबॉल तिच्या आयुष्यात आला तो एकोणीसशे एकोणचाळीस साली. ती चौदा वर्षांची होती. त्या वर्षी ॲबरडीनच्या क्लबने जुने काळे-सोनेरी सदरे टाकून दिले आणि अंगात लाल चढवले. मामा तिला पिटोड्रीच्या मैदानावर घेऊन गेला. अकरा दांडगे गडी लालभडक सदऱ्यांत बाहेर आले, आणि हजारो माणसं त्यांना बघून उभी राहिली. कुणी मागे वळलं नाही. कुणी खिशात हात घातला नाही. मिन्ना आजूबाजूच्या माणसांच्या हातांकडेच बघत राहिली. पहिला गोल तिने पाहिलाच नाही. घरी येऊन तिने आईला सांगितलं, "मी दर शनिवारी जाणार." आणि ती गेली. लग्नाआधी मामाबरोबर, लग्नानंतर चार्लीबरोबर, मग एकटी. पिटोड्रीवरची माणसं ओरडायचेही पैसे पडतील अशा बेताने गप्प बसून पेपरमिंटच्या गोळ्या चघळतात, असं बाहेरचे लोक म्हणतात. ते खरंच आहे. त्या गोळ्यांतल्या निम्म्या मिन्नाच्या पिशवीतल्या असायच्या.

त्र्याऐंशी साली डॉन्सनी, म्हणजे आमच्या ॲबरडीनच्या संघाने, कमालच केली. एकेका देशाच्या क्लबला घरी पाठवत ते युरोपातल्या कपविजेत्या क्लबांच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पोचले. सामना स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. समोर रियल माद्रिद. आमचं शहर ते केवढं, त्यांचा दबदबा केवढा! पण शहराने कामधाम सोडून बॅगा भरल्या. विमानं भरली, आणि सेंट क्लेअर नावाची बोट खास पाचशे माणसांसाठी निघाली. मिन्नाने बोटीचं तिकीट काढलं.

कारखान्यात ही बातमी फुटली तेव्हा सगळ्या सुऱ्या थांबल्या.

"बोटीने?" बेलाने विचारलं. "मिन्ना, अगं, विमानाने जा की. विमानाला काही शकुनबिकुन नसतो."

"मी तांडेलाची मुलगी आहे. अठ्ठावन्न वर्षांची झाले, अजून एका बोटीवर पाय ठेवला नाही. आता नाही तर कधी?"

"आणि हरले तर?"

बेलाने हे हळूच विचारलं, पण सगळ्या टेबलांनी ऐकलं. मिन्नाने सुरी पुन्हा हॅडकवर चालवली. हरले तर काय होईल, हे तिला बेलापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मरेपर्यंत टॉरीत एकच गोष्ट सांगितली जाईल, की क्लबच्या आयुष्यात असा दिवस एकदाच आला, आणि लीपरांची लाल केसवाली बोटीवर चढली. नातवंडांना सांगतील. आणि खरं सांगायचं तर तिच्या स्वतःच्याही मनात सात वर्षांची एक पोर अजून पुरचुंडी घेऊन धक्क्यावर उभी होती. तिला वाटायचं, लोक म्हणतात ते खरंच असलं तर?

निघायच्या दिवशी म्हातारा खुर्चीत बसून होता. "जातेस?" एवढंच म्हणाला. हात खिशात होता.

"जाते. बेला येईल रोज जेवण घेऊन. सामना तिच्याबरोबर बघा."

"हूं," म्हातारा म्हणाला.

बोटीच्या शिडीवर नेमका पुढे डॉड बकन. गळ्यात लाल मफलर, हातात बॅग, वर्षभरापूर्वीच निवृत्त झालेला. त्याने सहज मागे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तो उलटा खाली उतरू लागला. मागच्या दीडशे माणसांची रांग एकमेकांवर आदळली.

"मिन्ना! तू इथं काय करतेस?"

"नाचायला आलेय. तिकीट आहे रे माझ्याकडे, डॉड. तुझ्याकडे आहे तसंच."

"बोटीवर? ह्या डोक्यासकट?"

"डोकं घरी ठेवायची सोय असती, तर तुझं आधी ठेवून आले असते."

रांगेत हशा पिकला, पण टॉरीची सात-आठ माणसं हसली नाहीत. ती शिडीच्या लोखंडी कठड्याला बिलगली होती. बोटीवरचा अधिकारी वरून ओरडला, "चढायचं तर चढा, नाहीतर बाजूला व्हा!" डॉडच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी आलं. "मिन्ना, बाई, तुझ्याशी माझं वैर नाही. पण हा सामना पुन्हा यायचा नाही गं."

त्याचं हे बोलणं तिला लागलं, कारण तिलाही तेच वाटत होतं. तिने पिशवीतून प्लॅस्टिकची पावसाळी टोपी काढली, सगळे केस आत कोंबले, हनुवटीखाली गाठ मारली.

"झालं? शेवटची शिट्टी वाजेपर्यंत डोकं झाकून ठेवीन. शब्द देते."

डॉडने तिच्याकडे सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं, एक बट आत सारायला लावली, आणि मग तो चढला. मिन्ना त्याच्या मागून चढली.

उत्तर समुद्राने आपला हिसका दाखवला. पहिल्या सकाळी उपाहारगृहातून कर्ण्यावर आवाज आला, "सामन माशाचे सँडविच तयार आहेत." सामन! टॉरीचा माणूस बोटीवर हे नाव तोंडातून काढत नाही. अगदीच वेळ आली तर 'तो लाल मासा' म्हणतो. आठ प्रौढ माणसं टेबलं उलथवत भिंतीतल्या लोखंडी नळाकडे धावली. एडिनबराहून आलेला एक वकील बिचारा आग लागली समजून त्यांच्यामागे धावला. मिन्ना हसून हसून टेबलावर आडवी झाली. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तिनेही टेबलाच्या लोखंडी पायाला बोट लावून घेतलं.

दुपारी वारा वाढला आणि डॉड बकनला बोट लागली. चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस जिन्याखाली बादली घेऊन बसला.

"कुणाला सांगू नकोस," तो कण्हला.

"पाचशे जणांनी पाहिलंय, आता मी कुणाला सांगू? हे खा." तिने कोरडी बटरी मोडून त्याच्या तोंडात घातली, वर पेपरमिंट दिलं. "काम नसलेल्या बोटीवर तुझं पोट गोंधळलंय, दुसरं काही नाही." रात्रभर ती त्याची बादली रिकामी करत होती. प्लॅस्टिकची टोपी डोक्यावर तशीच. पहाटे डॉड म्हणाला, "तुझा जीव चांगला आहे गं मिन्ना. केसांचंच काय ते वाईट झालं."

गोथेनबर्गला पाऊस कोसळत होता. कोसळत म्हणजे कसा, तर मैदानावर चेंडू टाकला की तो टप्पा घ्यायच्या ऐवजी पाण्यात बसायचा. ॲबरडीनच्या माणसांना त्याचं काही वाटलं नाही. घरी उन्हाळा असाच असतो. टॉरीची माणसं एका ओळीत बसली, मिन्ना टोकाला. सातव्या मिनिटाला गोल! आपला! पेपरमिंट चघळणारी ती गप्प माणसं अशी किंचाळली की मिन्नाला आपले लोक ओळखू येईनात. डॉडने तिला मिठी मारली. मग त्याच्या ध्यानात आलं कोणाला मिठी मारली ते, आणि तो पटकन कठडा शोधू लागला.

आठ-एक मिनिटांनी आपल्याच गड्याने गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू पाण्यात अडकला. त्यांचा खेळाडू धावला, गोलरक्षकाने त्याला पाडलं, पेनल्टी. एक-एक.

अख्खी ओळ हळूच वळून मिन्नाकडे बघू लागली.

"बट," डॉड म्हणाला. "डाव्या कानामागून बाहेर आलीय."

मिन्नाने बट आत घातली. त्यानंतर तासभर काही झालं नाही, म्हणजे लाल सदरे नुसते धावत होते, मारत होते आणि चेंडू आत जात नव्हता. नव्वद मिनिटं संपली. जादा वेळ सुरू झाला. सगळ्यांची बोटं पांढरी पडली होती. जादा वेळेचा पहिला भाग संपता संपता डॉड तिच्याकडे सरकला.

"मिन्ना, रागावू नकोस. खाली कॉफीचा ठेला आहे म्हणे. जरा... वीस मिनिटं..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ओळीकडे. कुणी तिच्या डोळ्याला डोळा देईना. मिन्ना उठली. गुडघे चुकवत बाहेर आली आणि जिन्याने खाली गेली. पायांनी आज्ञा पाळली. मागे राहायची त्यांना सवय होती.

खाली सिमेंटचा बोगदा, पिवळा दिवा, आणि कॉफीच्या ठेल्यामागे एक जाडजूड स्वीडिश बाई. वरून पंधरा-सतरा हजार माणसांचा आवाज छतातून पाझरत होता. मिन्ना भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या मनात आलं, आता गोल झाला तर? मी इथं असताना आपण जिंकलो, तर मला ह्या बोगद्यातून आयुष्यात बाहेर येता यायचं नाही. डॉडचं सोडा, माझी मलाच खात्री पटेल. आणि हरलो, तरी दोष माझाच. म्हणजे खेळाडू धावताहेत तिकडे, आणि निकाल लागायचा माझ्या डोक्यावरून!

तिला एकदम संताप आला. डॉडचा, त्या आठ जणांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या आज्ञाधारक पायांचा.

ठेल्यावरच्या बाईने तिच्या निथळत्या टोपीकडे पाहिलं, काहीतरी आपल्या भाषेत म्हणाली आणि हात पुढे केला. दे, वाळत घालते, असा तो हात होता. मिन्नाने गाठ सोडली. लाल केस खांद्यावर आले. बाईने टोपी खुंटीला अडकवली, वळून पाहिलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. मिन्नाने सवयीने तिच्या हातांकडे पाहिलं. बाईने एक हात उचलून आधी मिन्नाच्या मफलरकडे बोट दाखवलं, मग केसांकडे, आणि पोट हलेपर्यंत हसली. जुळतंय की, असं ती म्हणत असावी.

"जुळतंय!" मिन्ना आमच्या टॉरीच्या भाषेत मोठ्याने म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर आली.

डॉडने तिला पाहिलं आणि तो उभाच राहिला. "मिन्ना! डोकं! शब्द दिला होतास!"

"दिला होता. परत घेते. सरक."

"अगं, आठ मिनिटं राहिलीत!"

"मग आठ मिनिटं तू डोळे मीट. मी एवढ्या लांब माझ्या क्लबचा खेळ बघायला आलेय, भिंत बघायला नाही."

डॉडने खरोखरच डोळे मिटले. म्हणून तो गोल त्याने पाहिला नाही. डाव्या बाजूने चेंडू पुढे गेला, तिथून गोलसमोर वळून आला, त्यांचा गोलरक्षक पुढे येऊन हुकला, आणि बदली म्हणून आलेल्या आपल्या पोरसवदा गड्याने झेपावून डोक्याने तो आत ढकलला. दोन-एक! मिन्ना ताडकन उभी राहिली. भिजलेले केस तोंडावर आले होते, आणि त्यांच्यामधून तिला सगळं मैदान लाल दिसत होतं.

अगदी शेवटी माद्रिदला फ्री किक मिळाली. मारली, पंचाने पुन्हा मारायला लावली. त्या अर्ध्या मिनिटात डॉड बकनने ठाऊक असलेल्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या आणि दोन नव्या रचल्या. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. शिट्टी झाली. क्लब युरोपात जिंकला होता, रियल माद्रिदला हरवून, आणि टॉरीची ती सगळी दगडी माणसं लहान पोरांसारखी रडत होती. मिन्नाने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हटलं, "चार्ली, बघतोस ना रे?" आणि मग तीही मनसोक्त रडली.

परतीच्या बोटीवर वेगळाच ताप सुरू झाला. डॉडने सगळ्यांना सांगितलं होतं, की टोपी काढली आणि गोल झाला. आता जो तो मिन्नाच्या केसांना हात लावायला येऊ लागला. पीटरहेड बंदराचे दोघे कोळी तर रांग लावून आले.

"सोमवारी माझ्या पुतण्याची बोट निघतेय," डॉड म्हणाला. "सकाळी धक्क्यावर जरा उभी राहशील? नुसती उभी. पोरं बघून जातील."

"सोमवारी सकाळी मला हॅडकचे काटे काढायचेत."

"मिन्ना, तुझ्यामुळे जिंकलो गं आपण!"

"डॉड बकन, नीट ऐक." मिन्ना मोठ्याने बोलली, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जावं. "काल मी अपशकुन, आज शुभशकुन! मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे? डोकं त्या बदली खेळाडूने मारलं. माझं नुसतं भिजलं. आता माझ्या केसांना कुणी हात लावला तर बटरी मिळणार नाही."

वारा अजून जोरात होता आणि बटऱ्या फक्त तिच्याकडे उरल्या होत्या. रांग मोडली. डॉडने बटरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग म्हणाला, "आणि सकाळी सकाळी तू फाटकाशी बसायचीस, ती नाडी खरंच सुटलेली असायची?"

"एकदाही नाही."

डॉड आधी लाल झाला आणि मग इतका हसला की त्याला पुन्हा बादली लागली.

शुक्रवारी सकाळी बोट बंदरात शिरली. गुरुवारची शहरातली मिरवणूक ह्या पाचशे जणांची चुकलीच होती; लांबून गेलेल्यांना नेमका मुख्य सोहळा बघायला मिळाला नाही. त्याची भरपाई म्हणून संघच कप घेऊन धक्क्यावर आला होता. "कप! कप!" म्हणत सगळे डाव्या बाजूला धावले. मिन्नाही धावली. पण तिची नजर कपापर्यंत गेलीच नाही.

गर्दीपासून थोडं बाजूला, दोर बांधायच्या खुंट्यापाशी, बेला उभी होती. तिच्या शेजारी विल लीपर. चर्चला घालायचा कोट घातलेला. काठी खुंट्याला टेकवून ठेवलेली. तो बोटीवरचा एकेक चेहरा शोधत होता. लाल केस दिसले आणि त्याने टोपी काढून हलवायला सुरुवात केली. एका हातात टोपी, दुसरा हात तसाच वर. मिन्नाने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. दोन्ही हात वर होते.

शिडी उतरून ती समोर येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"टीव्हीवर दिसलीस," तो म्हणाला. "डोकं उघडं टाकून, पावसात. टोपी कुठाय?"

"गोथेनबर्गला खुंटीवर."

"सर्दी होईल."

"बाबा, बोल्ट?"

म्हाताऱ्याने कोटाचे खिसे चाचपले, जणू आत्ताच आठवण झाली. बेला मध्येच म्हणाली, "अगं, तू पडद्यावर दिसलीस आणि हे खुर्चीतून उठले. 'ती बघा माझी पोर, ती लाल केसांची!' एवढे ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. गोल झाला तरी उभेच. बोल्ट उशाशीच राहिला तो राहिला. आज निघताना मी आठवण केली, तर म्हणाले, राहू दे."

"जड असतो तो," म्हातारा म्हणाला. "कोटाचा खिसा फाटतो."

त्याने काठी उचलली. मिन्ना सवयीने बाजूला झाली, त्याने पुढे व्हावं म्हणून, आणि चार पावलं सोडून उभी राहिली. म्हातारा हलेना. सगळीकडे गाणी चालली होती, कपाभोवती माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती.

"चला की, बाबा."

"तू पुढं हो, पोरी," विल लीपर म्हणाला. "मी येतो मागून."